मे महिन्यात कोयता नको: गोव्यातल्या अंगणातील जुन्या झाडांची वर्षभराची निगा

मे सरत आला, पहिला वळीव पडून गेला की गोव्यात घरोघरी एकच लगबग सुरू होते. अंगणातल्या आंब्याच्या, चिंचेच्या, गुलमोहराच्या फांद्या भराभर तोडायच्या, शेंडा उडवायचा आणि पावसाआधी झाड ‘हलके’ करून टाकायचे. झाडाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत वाईट मुहूर्त हाच. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेच्या शेवटी केलेली मोठी जखम त्या चार महिन्यांत सुकतच नाही आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओले, उघडे लाकूड आयते मिळते. कूज आतून वाढते, बाहेरून झाड हिरवेगार दिसत राहते आणि काही वर्षांनी तीच फांदी कौलांवर येते.

म्हणून जुन्या झाडाच्या निगेचे वर्ष जूनपासून न मोजता ऑक्टोबरपासून मोजा. पाऊस ओसरतो, जमीन अजून ओली असते, पावसाने केलेले नुकसान ताजे दिसते आणि दुरुस्तीला कोरडे महिने पुढे असतात.

ऑक्टोबर: आधी नुसते पाहा

हातात कोयता न घेता झाडाभोवती दोन फेऱ्या मारा. पहिली फेरी लांबून, झाडाच्या उंचीइतक्या अंतरावरून. पानांचा घेर एका बाजूला विरळ झाला आहे का? शेंड्याकडच्या डहाळ्या सुकत चालल्यात का? शेंड्याकडून खाली येत जाणारी सुक बहुतेक वेळा मुळांच्या दुखण्याची खूण असते, तेव्हा वर औषध फवारून उपयोग होत नाही. झाड कललेले असेल तर ते जन्मापासून तसे आहे की या पावसात कलले, हे ठरवा. जुना कल असला की खोड वर जाताना पुन्हा सरळ होत गेलेले दिसते. नवा कल असला की खोड सरळच्या सरळ तिरके होते आणि कलाच्या विरुद्ध बाजूला माती उचलली जाते किंवा तिला चंद्रकोरीसारखी भेग पडते. अशी भेग दिसली तर झाडाखालची गाडी, झोपाळा, कुत्र्याचे घर त्याच दिवशी हलवा आणि जाणकाराला बोलवा. हे काम पुढच्या रविवारवर ढकलायचे नाही.

दुसरी फेरी बुंध्याशी. इथे चार गोष्टी तपासा.

१. बुंधा जमिनीत शिरताना रुंदावत जायला हवा. तो खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसला तर कधीतरी भराव पडून मुळांची सुरुवात गाडली गेली आहे.

२. बुंध्याला किंवा मुळांवर आळंबी आहे का? फळीसारखी, कडक, तपकिरी आळंबी आली तर आतले लाकूड बरेच आधीपासून कुजत आहे. ती काढून टाकल्याने काही बरे होत नाही, उलट खूण मात्र नाहीशी होते. फोटो काढा, जागा लिहून ठेवा.

३. लाकडी हातोड्याने खोडावर चहूबाजूंनी ठोका. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोकळीचा घुमतो. ढोली असेल तर बारीक सळई आत घालून खोली मोजा. ढोबळ नियम असा की भोवतालच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या निदान तीस टक्के हवी. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला चहूबाजूंनी ९ ते १० सेंटिमीटर घट्ट लाकूड असेल तर नुसती ढोली आहे म्हणून झाड पाडायची गरज नाही. मात्र ढोलीचे तोंड मोठे असेल किंवा पोकळी एका कडेला सरकलेली असेल तर हा हिशेब लागू पडत नाही.

४. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अगदी चिकटून वाढल्या असतील तर मधली साल आत दबलेली आहे का ते पाहा. जोडावर उंचवटा असेल तर बरे. आत गेलेली रेघ आणि तिच्यातून पाझरणारे पाणी दिसले तर तो जोड वाऱ्यात फाटणाऱ्यांपैकी समजा.

ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धत अजून चालू आहे. ती बंद व्हायला हवी. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, कडेला फट पडते, तिच्यात पाणी साचते. ढोलीतले पाणी काढण्यासाठी खालून भोक पाडणेही तितकेच वाईट, कारण कूज आवरण्यासाठी झाडाने आत उभारलेली भिंत त्या भोकाने फुटते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हेच दाखवले: झाड जखम भरून काढत नाही, ते कुजका भाग कोंडून घेते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. छाटणीचे पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

मुळे: खरे काम जमिनीवर आहे

गोव्यात घरे बहुधा जांभ्यावर उभी असतात. कित्येक ठिकाणी हातभर मातीखाली चिऱ्याचा थर लागतो. मुळे खोल जाऊ शकत नाहीत, मग ती आडवी पसरतात आणि चिऱ्याच्या फटींत शिरतात. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या ४५ ते ६० सेंटिमीटरमध्येच असतात आणि घेराच्या सावलीच्या बरीच बाहेर जातात. तेव्हा अंगणात पेव्हर बसवताना, सेप्टिक टँकसाठी खणताना, कंपाउंडची भिंत घालताना तुम्ही झाडाच्या अंगावरच काम करत असता.

किती लांब राहायचे? छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि बाराने गुणा. ५० सेंटिमीटर व्यासाच्या आंब्याभोवती सहा मीटर त्रिज्येत खणू नये, भराव घालू नये, रेतीचा ट्रक उभा करू नये. पणजी-मडगावच्या छोट्या प्लॉटमध्ये हे दर वेळी जमणार नाही, हे मान्य. पण व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे याच आंब्याच्या दीड मीटरमध्ये, जाड मूळ तोडलेत तर पुढच्या वादळात झाड उभे राहील याची हमी कोणी देऊ नये. भिंतीच्या पायात मूळ आडवे आले तर ते न तोडता त्याच्यावरून लिंटेल टाका आणि भोवती चार बोटे मोकळी जागा ठेवा. जांभ्याच्या भिंतीला हे सहज करता येते, फक्त गवंड्याला आधी सांगावे लागते.

भरावाचा धोका लोकांना पटत नाही, कारण झाड लगेच मरत नाही. रस्त्याची पातळी वाढली म्हणून अंगणात फूटभर लाल माती टाकली की मुळांची हवा तुटते. पहिली एक-दोन वर्षे काही दिसत नाही, मग शेंडा सुकू लागतो आणि दोष किडीला दिला जातो.

आधीच पेव्हर किंवा काँक्रीट असेल तर नोव्हेंबरात ही दुरुस्ती करा:

बुंध्याभोवती निदान दीड ते दोन मीटर त्रिज्येतले पेव्हर काढा, खालची खडीची भुकटीही काढा. हाताच्या पंजाने वरची पाच ते आठ सेंटिमीटर मातीच तेवढी मोकळी करा. कुदळ वापरू नका, त्या थरात बारीक मुळांचे जाळे असते. गाडलेला बुंधा हाताने मोकळा करत जा, पहिली जाड मुळे दिसेपर्यंत. वर दोन-तीन सेंटिमीटर चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट पसरा आणि त्यावर सात ते दहा सेंटिमीटर पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने. पातेरा खोडाला टेकवू नका. वीतभर जागा उघडी राहू द्या. जूनच्या आधी हा थर अर्धा करा, नाहीतर पावसाळाभर बुंध्याशी चिखल राहतो आणि साल कुजते.

पातेरा झाडाखालीच पेटवून द्यायची सवय मात्र सोडा. साल पातळ असलेल्या झाडाला एका बाजूने लागलेली आच महिन्या-दोन महिन्यांनी उकललेल्या सालीच्या रूपात दिसते. आणखी एक गोष्ट बघा: कौलांवरची पागोळी किंवा पन्हळीचे पाणी बुंध्यावर तर पडत नाही ना? पडत असेल तर पाइप लावून ते दूर सोडा.

छाटणी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी

सुकी फांदी कोरड्या हवेत केव्हाही काढा. जिवंत, मनगटाहून जाड फांदी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच. आंब्याची अडचण वेगळी आहे. त्याला डिसेंबरपासून मोहर येतो आणि पावसानंतर छाटलेल्या फांदीवर त्या वर्षी फळ मिळत नाही. घरावर झुकलेली एखादी मोठी फांदी असेल तर तेवढा मोहर सोडून द्या आणि पाऊस संपता संपता ती काढा. मानकुराद आंब्याची दोन टोपल्या फळे कमी येतील, पण मेच्या शेवटी घाईने तोडण्यापेक्षा ते परवडते.

जाड फांदी तीन कापांत काढतात:

१. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर फांदीच्या खालच्या अंगाने करवत लावा, जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा कापा.

२. त्याच्या पाच सेंटिमीटर पुढे, टोकाकडच्या बाजूला, वरून कापा. वजन इथे मोडून खाली येईल आणि खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत फाटत जाणार नाही. फांदीखाली कौले किंवा तार असेल तर ती आधी दोराने वरच्या फांदीला बांधून मगच कापायची.

३. उरलेला खुंट शेवटी काढा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, त्याच्या लगेच बाहेरून. फुगवटा कापू नका, खुंटही ठेवू नका.

खोडाशी सपाट कापलेली जखम नीट दिसते, पण फुगवट्यातल्याच पेशी जखमेवर नवे लाकूड चढवतात. त्या गेल्या की जखम मोठी होते आणि उघडी राहते. खुंट ठेवला तर तो मरतो आणि कूज त्याच्यातून आत उतरते. दोन्हींपैकी गोव्यात जास्त दिसतो तो खुंटच, कारण कोयत्याने फुगवट्याजवळ नीट कापताच येत नाही. वाकडी दातेरी करवत घ्या.

जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट लावू नका. त्याखाली ओल अडकते आणि कूज थांबत नाही. नीट केलेला काप उघडा ठेवणे उत्तम. आंब्या-फणसाच्या मोठ्या जखमेवर आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावतात, तीही कूज कायमची थांबवत नाही, पण ओल्या हवेत पृष्ठभागावरची बुरशी काही काळ रोखते. लावायचीच तर प्रमाण असे: १ किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, मग एकत्र ढवळा. लोखंडी बादली नको. घासलेले लोखंडी पाते मिश्रणात बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर थोडा चुना आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरा.

एका वर्षात पानांचा घेर किती काढायचा? तरण्या झाडाचा फार तर चौथा हिस्सा, म्हाताऱ्या झाडाचा दहा-पंधरा टक्के. आणि तो टोकांकडून काढायचा. आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून टोकाशी झुपका ठेवला की फांदीच्या अगदी शेवटी वजन आणि वारा दोन्ही येतात. ती मोडायलाच केलेली असते. शेंडा उडवणे हा तर उपायच नव्हे. कापाच्या कडेने सरळसोट कोंब फुटतात, ते सालीपुरते चिकटलेले असतात, तीन-चार पावसांत पहिल्याइतके उंच होतात आणि त्याखालचे लाकूड तोवर कुजलेले असते. घर अगदी जवळ आहे म्हणून उंची कमी करायचीच असेल तर लांब फांदी तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड अशा आडव्या फांदीपर्यंत मागे घ्या, म्हणजे पुढचा कारभार ती आडवी फांदी सांभाळेल.

सगळी झाडे सारखी नसतात. गुलमोहर, रेन ट्री, अकेशिया, सातवीण, शेवगा यांचे लाकूड ठिसूळ किंवा हलके, त्यांच्याकडे दरवर्षी बघा. चिंच, ओवळ (बकुळ), जांभूळ यांना सहसा सुकी फांदी काढण्यापलीकडे काही लागत नाही.

माणूस लावताना एक प्रश्न पुरतो: “काय करणार?” उत्तर “शेंडा उडवून देतो” असे आले तर त्याला चहा देऊन परत पाठवा. खिळ्यांचे बूट घालून जिवंत झाडावर चढणारा, शिडीवर उभा राहून चेन-सॉ चालवणारा, दोर आणि हेल्मेट न आणणारा, हेही नकोतच.

माडाचे शास्त्र वेगळे

माडाच्या खोडाला पडलेली जखम कधीच भरून येत नाही. त्याला खोड जाड करणारा थर नसतो आणि वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला की माड मेला. म्हणून चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू देऊ नका. पाडेली (नारळ पाडणारा) मिळत नाही ही खरी अडचण आहे, पण त्यासाठी चढायचे यंत्र किंवा दोर वापरा.

हिरवी चुडते (झावळ्या) कापून माड ‘साफ’ करणे टाळा. पुरत्या वाढलेल्या माडाला तीस-पस्तीस चुडते लागतात. पिवळी पडून लोंबणारीच काढा. हिरवे कापावेच लागले तर देठ खोडापासून १२० सेंटिमीटर ठेवा, कारण ताज्या कापाच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो आणि आखूड देठातून त्याची अळी थेट खोडात पोहोचते. नारळ दर दीड-दोन महिन्यांनी उतरवा. खाली वाट किंवा पार्किंग असेल तर पाडेलीची वाट पाहत बसण्यापेक्षा घोसाखाली जाळी बांधणे शहाणपणाचे.

गेंड्या भुंग्याची खूण म्हणजे नव्या चुडताला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप. तारेच्या आकड्याने तो बाहेर ओढा, मग वरच्या तीन चुडतांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच रेतीत मिसळून भरा. वर्षातून तीनदा, पावसाआधी एकदा नक्की. हा भुंगा कुजत्या शेणखतात वाढतो. परसातला खताचा खड्डा उलथून पांढऱ्या अळ्या वेचल्या नाहीत तर वर कितीही पेंड भरा, तो परत येतो. सोंड्या भुंगा अधिक वाईट. खोडाच्या भोकातून तपकिरी रस आणि चावलेला काथ्या बाहेर येतो, कान लावला तर आतून कुरतडण्याचा आवाज येतो. मधला कोंब वाळला असेल तर माड वाचत नाही. तो पाडून, खोड फोडून आतल्या अळ्या मारा, नाहीतर तो शेजारचे माड घेऊन जातो.

पावसाळ्यात मधले कोवळे पान फिके पडून ओढताच हातात आले आणि बुडाशी कुजका वास आला, तर ती कोंबकूज. सुरुवातीलाच कुजके सगळे खरवडून बोर्डो पेस्ट भरा आणि पाऊस आत जाणार नाही असे झाका. आजूबाजूच्या माडांच्या कोंबावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी.

खोडातली भोके, बांडगूळ आणि ज्यांना हात लावू नये ती

आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडाखाली लाकडाचा भुसा पडलेला दिसला की वर खोडकिड्याचे भोक शोधा. भुसा काढा, तार आत घालून अळी मारा किंवा ओढा, केरोसिनचा बोळा कोंबून तोंड शेणमातीने लिंपा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. ताजा भुसा आला तर अळी जिवंत आहे. जुन्या पत्रकांत यासाठी डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सांगितलेले असते, त्यावर देशात २०२० च्या अखेरपासून बंदी आहे. सालीवरच्या वाळवीच्या मातीच्या नळ्या पाहून घाबरू नका. ती बहुधा मेलेली साल खाते. नळ्या खरवडा आणि साल का मेली ते शोधा.

बांडगूळ मात्र खरे परजीवी. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी फांद्यांवर पसरवतात, म्हणून फळे धरण्याआधी ते काढा. नुसते ओरबाडलेत तर पुन्हा फुटते. ते चिकटले आहे त्याच्या वीतभर खालून फांदीच कापा. पिंपळ-वडाचे रोप बेचक्यात उगवले तर बोटाएवढे असतानाच उपटा.

शेवाळ, दगडफूल, नेचे, आमरी (ऑर्किड) यांना सोडून द्या. ती झाडातून काही घेत नाहीत. ब्रशने खोड घासून ‘स्वच्छ’ करणारे लोक सालीचीच हानी करतात. मिरवेल चालते. मनी प्लांट नको, कारण त्याच्या भल्या मोठ्या पानांआड ढोली, आळंबी, भेग सगळे लपते. चतुर्थीपासून नाताळपर्यंत खोडाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या तारा जानेवारीत सोडा. राहून गेलेल्या तारेला साल गिळते आणि फांदी तिथेच मोडते.

खत आणि पाणी

जुन्या सावलीच्या झाडाला खताची गरज क्वचितच असते, पातेरा परत मिळाला की बस. माडाला मात्र लागते: वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वा किलोच्या आत युरिया आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश, रासायनिक खताचा तिसरा हिस्सा पावसाच्या सुरुवातीला आणि उरलेला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात. स्फुरद आणि चुना माती तपासून ठरवा. आपली जांभ्याची माती आम्ल असते आणि तपासणी विभागीय कृषी कार्यालयामार्फत होते. उन्हाळ्यात माडाला चार दिवसांनी साधारण २०० लिटर पाणी. आंब्याला ऑक्टोबर ते डिसेंबर पाणी देऊ नका, नाहीतर मोहराऐवजी पालवी येते. मुळे दुखावलेल्या झाडाला फेब्रुवारीनंतर घेराच्या कडेने सावकाश पाणी सोडा, ३० सेंटिमीटर ओल जाईपर्यंत, पंधरवड्यातून एकदा.

मग मे महिन्यात काय करायचे?

लटकलेली सुकी लाकडे उतरवा, पन्हळी साफ करा, ऑक्टोबरच्या फोटोंशी झाड ताडून बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले ते पावसाळ्याच्या आधीच, म्हणून हे सगळे पहिल्या आठवड्यातच उरका. विजेच्या तारेला टेकलेल्या फांदीला स्वतः हात लावू नका, वीज खात्याकडे लेखी अर्ज देऊन प्रवाह बंद करवून घ्या. ओली फांदी वीज वाहून नेते.

झाड पाडायचेच झाले तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या भाटात (बागायतीत) असले तरी. २०१६ मध्ये माड या कायद्यातून वगळला होता, नंतर तो परत आत घेतला गेला, तेव्हा माडालाही तोच नियम. मोठी छाटणी करण्याआधीही त्याच कार्यालयात विचारून घ्या. अर्जासोबत कल, भेग, आळंबी यांचे तारीखवार फोटो जोडा. पाहणीला येणाऱ्याला नेमकी जागा दाखवता येते.

वादळात झाड पडले आणि त्यात तार अडकली असेल तर दहा मीटर लांब राहा आणि ११२ वर कळवा. अर्धवट उन्मळलेला खोडाचा भाग वरचे वजन कापताच मुळांसकट उलट उभा राहू शकतो, त्यामुळे मुळांच्या खड्ड्यात कोणाला, विशेषतः मुलांना, उतरू देऊ नका. नुसती फांदी फाटली असेल तर लोंबणारी साल धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत साफ करा, खुंट फुगवट्यापर्यंत नीट कापा आणि बाकीची छाटणी नोव्हेंबरवर टाका.